दोन्ही विधानं खरी, मग अडतं कुठे?

देवदत्त चांगला लठ्ठ आहे, आणि तो दिवसा जेवत नाही. दोन्ही गोष्टी खात्रीच्या. मग तो रात्री जेवत असला पाहिजे. मीमांसकांनी दिलेलं हे उदाहरण भारतीय तर्कपरंपरेत शेकडो वर्षं चघळलं गेलं. दोन पक्क्या गोष्टी एकमेकींशी जुळत नसतील, तर त्या जुळवणारी तिसरी गोष्ट मानावी लागते. या ज्ञानाला त्यांनी अर्थापत्ती म्हटलं. कुमारिल भट्टांचे अनुयायी आणि अद्वैती तिला स्वतंत्र प्रमाण मानतात. नैयायिक म्हणतात, हा अनुमानाचाच एक प्रकार आहे, वेगळं खातं उघडायची गरज नाही. वाद बारीक आहे, पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आज लाखो मुलं परीक्षेत वाचतात: ‘पुढीलपैकी कोणतं विधान खरं मानल्यास वरील विसंगतीचा उलगडा होतो?’

क्रिटिकल रीझनिंगच्या पेपरात याला पॅराडॉक्सचा प्रश्न म्हणतात. व्यवस्थापनाच्या शिक्षणासाठी जीमॅट ही परीक्षा 1950च्या दशकात अमेरिकेतल्या नऊ बिझनेस स्कूलनी मिळून उभी केली. 2023च्या अखेरीस तिचं स्वरूप बदललं, वाक्य दुरुस्त करायचे प्रश्न गेले आणि भाषेच्या विभागात उताऱ्यावरचे प्रश्न व क्रिटिकल रीझनिंग एवढंच उरलं: 45 मिनिटांत 23 प्रश्न. कायद्याच्या शिक्षणासाठीची एलसॅट 1948 पासून चालू आहे. तिच्यातले ‘लॉजिक गेम्स’ ऑगस्ट 2024 पासून बंद झाले आणि तर्काच्या प्रश्नांचं वजन आणखी वाढलं. आपल्याकडे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत प्रवेशासाठी लागणाऱ्या क्लॅटमध्ये 2020 पासून सगळं उताऱ्यावर आलं, त्यात असे प्रश्न येतात. यूपीएससीने 2011 मध्ये आणि एमपीएससीने 2013 मध्ये सीसॅट ही अभियोग्यता चाचणी आणली, तिथेही तर्काचा भाग आहे. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसलेल्या मुलाला आणि अमेरिकेत एमबीएला जाऊ पाहणाऱ्या इंजिनिअरला एकाच जातीचा प्रश्न अडवतो, असं म्हणायला हरकत नाही.

क्रिटिकल रीझनिंगच्या बाकी बहुतेक प्रश्नांत कुणीतरी काहीतरी सिद्ध करू पाहत असतं. युक्तिवाद असतो, निष्कर्ष असतो. तो बळकट करा, कमकुवत करा, त्यामागचं गृहीतक काढा, अशी कामं असतात. पॅराडॉक्सच्या प्रश्नात बहुधा निष्कर्षच नसतो. दोन वस्तुस्थिती शेजारी ठेवलेल्या असतात आणि मध्ये ‘तरीही’, ‘मात्र’, ‘असं असूनही’ यांपैकी एखादा शब्द. खोडून काढायला काही नाही, पटवून द्यायलाही काही नाही. पण वादविवादाची सवय लागलेला विद्यार्थी इथेही बाजू घेतो. दोनपैकी एक गोष्ट त्याला मनातून खोटी वाटते आणि तिला खोटं ठरवणारा पर्याय तो उचलतो. या प्रश्नप्रकारात सगळ्यात जास्त गुण इथेच जातात असं मला वाटतं, आणि त्याचं कारण बुद्धीपेक्षा वृत्तीत आहे. दोन न पटणाऱ्या गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानून थोडा वेळ बसणं आपल्याला जड जातं.

आता एक प्रश्न घेऊ. समजा, एका शहरात रुग्णवाहिकांची संख्या दुप्पट केली. अपघातात जखमी झालेल्यांना रुग्णालयात पोचायला लागणारा वेळ निम्म्यावर आला. तरीही रुग्णालयात दाखल झालेल्या अपघातग्रस्तांपैकी दगावणाऱ्यांचं प्रमाण आधीच्या वर्षापेक्षा वाढलं. याचा उलगडा कशाने होईल? पर्याय असे: (अ) त्या वर्षी शहरातल्या अपघातांची एकूण संख्या वाढली. (ब) नव्या रुग्णवाहिकांच्या चालकांना गर्दीतून वाट काढण्याचं खास प्रशिक्षण दिलं होतं. (क) रुग्णालयाने अपघात विभागात आणखी शल्यचिकित्सक नेमले. (ड) पूर्वी अतिगंभीर जखमी झालेले अनेक जण रुग्णालयात पोचण्याआधीच दगावत, आता ते जिवंत असताना दाखल होतात. (इ) शेजारच्या शहरातही रुग्णवाहिका वाढवल्या, पण तिथे हे प्रमाण वाढलं नाही.

पर्यायांकडे लगेच धावू नये. आधी स्वतःला विचारावं, की या दोन गोष्टी एकमेकींना भिडतात तरी का? रुग्णवाहिका लवकर येणं आणि मृत्यूचं प्रमाण वाढणं ही नुसती दोन विधानं आहेत, त्यांच्यात आपोआप भांडण नाही. भांडण लावणारं तिसरं वाक्य आपण मनात घातलेलं असतं आणि ते कागदावर कुठेच नसतं: ‘दाखल होणारे रुग्ण आधीच्या वर्षीसारखेच होते.’ हे वाक्य सापडलं की प्रश्न जवळपास सुटला. ते मोडणारा पर्याय तेवढा शोधायचा, आणि तो (ड) आहे. लवकर पोचवल्यामुळेच दाखल होणाऱ्यांचा गट बदलला. पूर्वी ज्यांची नोंद रुग्णालयाच्या आकड्यात होतच नव्हती, ते आता त्या आकड्यात आले. एकूण मृत्यू कमी झाले असतानाही रुग्णालयातलं प्रमाण वाढू शकतं.

देवदत्ताच्या उदाहरणातलं तिसरं वाक्य काय? ‘जो दिवसा जेवत नाही, तो जेवतच नाही.’ कुणी ते उच्चारलेलं नसतं, तरी ऐकणाऱ्याच्या मनात ते असतं, म्हणून तर कोडं पडतं. पॅराडॉक्सचा प्रश्न सोडवणं म्हणजे हे न लिहिलेलं वाक्य पकडणं, एवढी एकच गोष्ट पक्की धरली तरी बाकीची तंत्रं तिच्यातून निघतात. क्लासमध्ये या प्रश्नांसाठी लांबलचक याद्या पाठ करायला देतात. त्यातल्या बऱ्याच गोष्टी चुकीच्या नाहीत, पण मूळ धागा हातात नसेल तर दीड-दोन मिनिटांत यादीतली कोणती ओळ लावायची हेच सुचत नाही.

चुकीचे पर्याय कसे मोहात पाडतात तेही वरच्या प्रश्नात दिसतं. (अ) संख्येबद्दल बोलतो, प्रश्न प्रमाणाबद्दल आहे. अपघात वाढले म्हणून दाखल झालेल्यांतलं मृत्यूचं प्रमाण वाढायलाच हवं असं नाही. (ब) एकाच बाजूचा खुलासा करतो. वेळ का वाचला हे कळतं, मृत्यूचं प्रमाण का वाढलं ते कळत नाही. एक बाजू छान समजावणारा पर्याय हा या प्रकारातला सर्वांत मोठा सापळा, कारण वाचताना ‘हो, बरोबर’ असं वाटत राहतं. (क) कोडं आणखी अवघड करतो. (इ) दुसऱ्याच शहरात जातो. एक शंका कुणी काढेल: ‘रुग्ण वाढल्यामुळे खाटा आणि डॉक्टर अपुरे पडले’ असा पर्याय असता तर? तर तोही चालला असता. एका विसंगतीचे अनेक खुलासे संभवतात, म्हणून मनात तयार केलेलं उत्तर पर्यायांत दिसलं नाही की गोंधळून जायचं कारण नाही. तिसरं वाक्य आपण पकडलेलं असेल तर ते मोडणारा दुसरा मार्गही ओळखता येतो. आणि प्रामाणिकपणे काढलेल्या पेपरात असे दोन बरोबर पर्याय शेजारी ठेवलेले नसतात.

इतर प्रकारांतून आलेल्या दोन सवयी इथे मोडाव्या लागतात. उताऱ्यावरच्या प्रश्नांत ‘उताऱ्यात नसलेली माहिती आली की पर्याय उडवा’ असं शिकवलेलं असतं. इथे बरोबर पर्याय नवी माहिती आणतोच, कारण असलेल्या माहितीत उलगडा असता तर कोडं पडलंच नसतं. दुसरी सवय ‘सर्व’, ‘नेहमी’, ‘फक्त’ असे ठाम शब्द दिसले की घाबरायची. निष्कर्ष काढायच्या प्रश्नात ती उपयोगी आहे. इथे पर्याय खरा मानूनच चालायचं आहे, त्यामुळे तो जितका ठाम तितका खुलासा भक्कम. राहिला ‘खालीलपैकी कोणता पर्याय उलगडा करत नाही’ हा उलटा प्रश्न. तिथे चार पर्याय खुलासा करतात, उरलेला पाचवा बहुधा एकाच बाजूचा असतो किंवा विषयाबाहेरचा. त्याला वेगळी विद्या लागत नाही, पेन्सिलीने प्रत्येक पर्यायापुढे खूण करत जाण्याचा धीर लागतो.

हे प्रश्न मला महत्त्वाचे वाटतात ते परीक्षेपलीकडच्या कारणाने. न लिहिलेलं तिसरं वाक्य मोडण्याच्या ज्या तऱ्हा परीक्षेत येतात, त्याच तऱ्हांनी खऱ्या संशोधकांना चकवलं आहे. न्यूयॉर्कमधल्या एका पशुवैद्यकीय रुग्णालयात उंच इमारतींवरून पडलेल्या 132 मांजरांचा अभ्यास 1987 मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे 90 टक्के मांजरं वाचली. सातव्या मजल्यापर्यंत उंचीबरोबर जखमा वाढत गेल्या आणि त्याहून वरून पडलेल्यांना मात्र तुलनेने कमी जखमा आढळल्या. अभ्यासकांनी याचा खुलासा मांजराच्या हवेतल्या शरीरस्थितीवरून केला: वेग स्थिर झाला की ते अंग सैल सोडतं. पुढे टीकाकारांनी एक साधी गोष्ट दाखवली. जागच्या जागी मेलेलं मांजर दवाखान्यात कोण आणतं? ‘दवाखान्यात आलेली मांजरं म्हणजे पडलेली सगळी मांजरं’ हे इथलं तिसरं वाक्य. रुग्णवाहिकेच्या प्रश्नाची ही सख्खी बहीण.

बर्कली विद्यापीठाचं उदाहरण संख्याशास्त्राच्या वर्गात नेहमी येतं. 1973 च्या प्रवेशात पुरुष अर्जदारांपैकी सुमारे 44 टक्क्यांना आणि स्त्रियांपैकी सुमारे 35 टक्क्यांना प्रवेश मिळाला. विभागवार पाहिलं तर बहुतेक ठिकाणी स्त्रियांविरुद्ध असा कल दिसेना, थोडा उलटाच दिसला. बिकेल, हॅमेल आणि ओ’कॉनेल यांनी 1975 मध्ये दाखवलं, की स्त्रियांचे अर्ज प्रवेश मिळणं सगळ्यांनाच कठीण अशा विभागांत जास्त होते. दोन्ही आकडे खरे होते. ‘दोन्ही गटांनी सारख्याच विभागांत अर्ज केले’ एवढंच खोटं होतं.

यापेक्षा गंभीर, आणि माझ्या मते या सगळ्यात सर्वांत शिकवून जाणारं उदाहरण नवजात बालकांचं आहे. 1971 मध्ये जेकब येरुशाल्मी यांनी दाखवलं, की कमी वजनाच्या बाळांपुरतं पाहिलं तर धूम्रपान करणाऱ्या आयांची बाळं न करणाऱ्यांच्या बाळांपेक्षा अधिक जगतात. गरोदरपणातल्या धूम्रपानाने बाळाचं वजन घटतं, आणि कमी वजनाने मृत्यूचा धोका वाढतो, हेही तितकंच खरं. या आकड्यांवरून धूम्रपानाच्या हानीबद्दलच शंका घेतली गेली. उलगडा असा: बाळाचं वजन कमी असण्याची कारणं अनेक. आई धूम्रपान करत असेल तर वजन त्यामुळे घटलेलं असू शकतं. ती करत नसेल आणि तरी बाळ हलकं असेल, तर मागे जन्मजात दोषासारखं अधिक घातक कारण असण्याची शक्यता वाढते. ‘कमी वजनाची सगळी बाळं सारखीच’ हे मनातलं वाक्य मोडलं, की दोन्ही आकडे आपापल्या जागी नीट बसतात आणि धूम्रपान निर्दोष ठरत नाही. इथे चुकीचा पर्याय निवडणं म्हणजे फक्त एक गुण गमावणं नव्हतं. एका पिढीच्या आयांना चुकीचा सल्ला मिळण्याची ती शक्यता होती.

मोजण्याच्या पद्धतीत लपलेलं तिसरं वाक्य पाहायचं तर केरळकडे पाहावं. आयुर्मानात केरळ देशात आघाडीवर, आणि ‘तुम्ही आजारी होता का’ या सर्वेक्षणातल्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्यांतही आघाडीवर. बिहारमध्ये आयुर्मान कमी आणि सांगितलेले आजारही कमी. अमर्त्य सेन यांनी 2002 मध्ये हे मांडताना अमेरिकेचाही दाखला दिला: तिथे लोक केरळपेक्षाही जास्त आजार सांगतात. शिक्षण आणि दवाखाना जवळ असला की माणूस आपल्या दुखण्याला आजार म्हणून ओळखतो. ते नसेल तर दुखणं हा जगण्याचाच भाग समजून गप्प बसतो. केरळात वयस्कांचं प्रमाण जास्त आहे, हेही त्यात धरावं लागतं. सांगितलेला आजार म्हणजे असलेला आजार, हे समीकरण आपण कधी मनात घातलं ते कळतही नाही.

माणसं बदललेल्या परिस्थितीला प्रतिसाद देतात, हे विसरल्यानेही कोडी पडतात. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी 1865 मध्ये इंग्लंडच्या कोळशाबद्दल लिहिताना दाखवलं, की वाफेची इंजिनं कमी कोळशात चालू लागली तसा कोळशाचा एकूण खप वाढला, कारण स्वस्त झालेली वाफ अधिक ठिकाणी वापरात आली. ठिबक सिंचनाबाबत आज हीच चर्चा चालू आहे. थेंबाथेंबाने पाणी वाचतं, पण वाचलेलं पाणी जमिनीत राहण्याऐवजी आणखी एकराला किंवा आणखी तहानलेल्या पिकाला गेलं तर भूजल पातळी वर येत नाही.

ठिबकचा विषय निघाला की महाराष्ट्रातल्या धरणांकडे वळावंच लागतं. देशातल्या मोठ्या धरणांपैकी सुमारे 40 टक्के धरणं एकट्या महाराष्ट्रात आहेत. तरीही राज्यातल्या पिकाखालच्या जमिनीचा जेमतेम पाचवा हिस्सा सिंचनाखाली येतो. हा प्रश्न परीक्षेत दिला तर बरोबर पर्याय कोणता? एक असा: राज्यातल्या पिकाखालच्या जमिनीपैकी सुमारे 4 टक्क्यांवर असलेला ऊस सिंचनाच्या पाण्याचा सुमारे 70 टक्के वाटा घेतो. हा कृषी खर्च व मूल्य आयोगाने मांडलेला अंदाज आहे आणि त्याने खुलासा होतो. दुसरा असा: धरण ‘मोठं’ ठरतं ते मुख्यतः उंचीवर, साधारण 15 मीटरच्या वर. ते किती पाणी साठवतं यावर नाही. धरणांची संख्या मोठी असून साठा त्या मानाने लहान असू शकतो. तिसरा कालव्यांचा: भिंत उभी राहिली, पाणी अडलं, पण वितरिका शेवटच्या शेतापर्यंत पोचल्या नाहीत. चौथा खडकाचा: बेसाल्टमध्ये भूजल फार साठत नाही, त्यामुळे धरणाबाहेरच्या शेताला विहिरीचा आधारही बेताचा.

परीक्षेच्या दृष्टीने हे चारही पर्याय बरोबर, म्हणून हा प्रश्न परीक्षेत घालता येणार नाही. आणि इथेच या प्रश्नप्रकाराची मर्यादा दिसते. अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स यांनी 1903 मध्ये हार्वर्डमधल्या व्याख्यानांत या विचारपद्धतीचं रूप सांगितलं होतं. आश्चर्यकारक गोष्ट दिसते, अमुक खरं असेल तर ती साहजिक ठरेल, म्हणून अमुक खरं असावं असं मानायला कारण आहे. पर्स यांचा भर ‘असावं’वर होता. अशी कल्पना सुचणं ही तपासाची सुरुवात, पुढे तिची कसोटी घ्यायची. परीक्षेत ‘खरं मानल्यास’ या शब्दांनी कसोटी आधीच उरकलेली असते आणि कल्पना सुचण्याचं कामही पर्याय लिहिणाऱ्याने केलेलं असतं. विद्यार्थ्याकडे उरतं ते ओळखण्याचं काम. ते किरकोळ नाही, पण अर्धं आहे.

खऱ्या कोड्यांना उत्तरसूची नसते. 1996 मध्ये युनिसेफच्या अहवालात रामलिंगस्वामी, जॉन्सन आणि रोडे यांनी ‘आशियाई कोडं’ मांडलं: दक्षिण आशियातली मुलं आफ्रिकेतल्या अधिक गरीब देशांतल्या मुलांपेक्षा जास्त कुपोषित का? त्यांनी बोट ठेवलं ते बायकांच्या स्थितीवर. पुढे डीन स्पिअर्स यांनी उघड्यावरच्या शौचामुळे होणाऱ्या आजारांकडे लक्ष वेधलं. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे यांनी 2017 मध्ये दाखवलं, की भारतातली पहिली मुलं आफ्रिकेतल्या पहिल्या मुलांच्या तुलनेत खुजी नाहीत, फरक नंतरच्या मुलांत वाढत जातो आणि त्याचा संबंध थोरल्या मुलग्याला मिळणाऱ्या झुकत्या मापाशी आहे. तीन वेगळे खुलासे, तिन्ही ‘खरं मानल्यास’ चालणारे. कोणता किती खरा, हे ठरवायला कित्येक वर्षांचं मोजमाप लागलं, आणि ते अजून संपलेलं नाही.

मराठी माध्यमातून येणाऱ्या मुलांच्या बाबतीत मला आणखी एक गोष्ट खटकते. क्लॅट आणि जीमॅट इंग्रजीतच असतात, तिथे निदान सगळ्यांना सारखीच भाषा. सीसॅटमध्ये मात्र इंग्रजीत रचलेला उतारा भाषांतर होऊन आला की ‘तरीही’ आणि ‘त्यामुळे’ यांची जागाच हलते. 2014 मध्ये यूपीएससीच्या हिंदी भाषांतरावरून दिल्लीत आंदोलन झालं, पुढच्याच वर्षी सीसॅट केवळ पात्रतेपुरती राहिली. पॅराडॉक्सच्या प्रश्नाला याचा फटका सर्वांत जास्त बसतो, कारण त्याचं सगळं वजन एका उभयान्वयी अव्ययावर आणि ‘संख्या’ आहे की ‘प्रमाण’ या एका शब्दावर असतं. मूळ मराठीत विचार करून काढलेले असे प्रश्न एमपीएससीच्या उमेदवारांना मिळाले पाहिजेत, त्यासाठी लागणारी सामग्री आपल्या अवतीभवती भरपूर आहे.

आणि त्यातला एखादा प्रश्न तरी पर्यायांशिवाय असावा. धरणांचे दोन आकडे द्यावेत, दोन खुलासे स्वतः सुचवायला सांगावेत, आणि शेवटी विचारावं: यातला कोणता खरा हे ठरवायला तुम्ही कोणती माहिती मागवाल? धरणनिहाय पाणीसाठा, कालव्याच्या शेवटच्या टोकाला पोचणारं पाणी, लाभक्षेत्रातली पीकरचना, विहिरींची पातळी. उद्या तहसीलदार किंवा उपजिल्हाधिकारी होणाऱ्या उमेदवाराला पहिल्या पाणीटंचाईच्या वर्षी हेच कागद मागवायचे आहेत.